मूळचे कोण?

रविवार, रात्री साडेदहा

आज उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, तिसरा अध्याय. "यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही." वाचन झकास झालं म्हणे, आवाज पार मागच्या बाकापर्यंत पोचला.

आणि दुपारी चार वाजता हीच मी फोनवर एका बाईंना विचारत होते, "ते मूळचे कोण, तेवढं कळेल का?"

ओळीने लिहूनच काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

उपासना सुटल्यावर पटांगणात चहा होता. थोरल्या जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. आमच्या लेकासाठी श्रीरामपूरकडचं स्थळ आलंय. मुलगी नर्स, वडील निवृत्त शिक्षक, घरात रोज संध्याकाळी प्रार्थना. मोबाइलवर फोटो दाखवला. पोरगी कुणाकडे तरी बघून खुदकन हसतेय. "सगळं चांगलंय गं," जाऊबाई म्हणाल्या, "फक्त मूळचे कोण तेवढं बघ." चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला करत मी म्हटलं, "बघते." कशाला बघायचं, हे काही तोंडातून निघालं नाही.

आमच्यात जात नाही, असं आम्ही सांगतो. आणि त्याच दमात, आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक चित्पावन ब्राह्मण होते बरं का! १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची जात आम्ही अजून बिल्ल्यासारखी मिरवतो. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला दोघांनाही जागा होती. ते मात्र कुणी सांगत नाही.

सासूबाई त्यांच्या गावच्या देवळाची गोष्ट सांगायच्या. (त्या चर्चला देऊळच म्हणत.) जाजम एकच, पण त्याला टोकं दोन. महारवाड्यातले या टोकाला, मांगवाड्यातले त्या. प्रभुभोजनाचा प्याला आधी कुठल्या टोकाला जातो, यावर सगळ्यांचा डोळा. हसत हसत सांगायच्या, जशी काही फार जुनी गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनने नगरला बस्तान बसवलं १८३१ मध्ये. जाजम जाऊन बाकं आली, बाकांवर पंखे आले. टोकं आता लग्नाच्या बायोडेटात असतात, तीही न लिहिता.

गेल्याच आठवड्यात, १० ऑगस्टला, काळा दिवस पाळला आम्ही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती बाहेर राहिले. पुढे १९५६ मध्ये शीख आत घेतले, १९९० मध्ये बौद्ध, आम्ही अजून बाहेरच. निवेदनावर मीही सही केली. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, असं त्यात लिहिलंय. खरंच आहे ते, उद्या पुन्हा सही करीन. पण ती सुटू न देणाऱ्यांत आमच्या पटांगणातला चहाही येतो, ते निवेदनात कुठे लिहायचं?

मघाशी शास्त्र काढून बसले. सकाळी मी वाचलेल्या अध्यायाच्या फक्त एक पान आधी येशूचा शिष्य पेत्र याची हकिगत आहे. अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसून बिनदिक्कत जेवायचा. मग याकोबाकडची यहूदी माणसं आली आणि हा भिऊन हळूच पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचे उठले, बर्णबासुद्धा. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. पेत्र काही वाईट माणूस नव्हता. लोक काय म्हणतील, एवढंच. मला पौल व्हायला आवडलं असतं, पण चहाच्या वेळी मी पेत्र होते. खरं तर पेत्रही नाही, त्याचं बघून उठलेल्यांतली एक.

तर चारचा फोन. त्या बाई दोन्हीकडची माहिती असलेल्या, लग्नं जुळवणाऱ्या. माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सांगते की. पण तिकडूनही विचारलंय. तुम्ही मूळचे कोण?"

कान तापले माझे. म्हटलं, "आम्ही नगरचे."

"ते नव्हे हो," त्या म्हणाल्या.