शिबिराच्या गावात आधी नारळ कुठे ठेवायचा

राष्ट्रीय सेवा योजनेचं ७ दिवसांचं निवासी शिबिर कोकणात घ्यायचं ठरलं की कॉलेजची पहिली धाव ग्रामपंचायतीकडे असते. सरपंचांचं पत्र मिळतं, मराठी शाळेची खोली ठरते आणि गावाची परवानगी मिळाली असं सगळे धरून चालतात. कोकणात मात्र गावाचा कारभार तीन ठिकाणी बसतो: ग्रामपंचायत, गावकी म्हणजे मानकऱ्यांची पारंपरिक बैठक, आणि मुंबईकरांचं, म्हणजे मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ. पत्रावर सही एकाची असते. बाकी दोघांना विचारलं नसेल तर तिसऱ्या दिवशी श्रमदानाला गावातलं एक माणूस फिरकत नाही, आणि का ते कुणी सांगतही नाही.

शिबिराच्या तारखा जमल्यास २० ते २६ जानेवारी ठेवाव्यात. २६ जानेवारीला ग्रामसभा होते आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा असते. दोन्हीकडे सरपंचांना विचारून पोरांना मागे बसवावं. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. गणपूर्तीला (कोरमला) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. कोकणात अर्ध्या घरांना कुलूप, त्यामुळे सह्यांची वही बराच वेळ फिरते आणि सभा अनेकदा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणून खरे ठराव कधीकधी पंधरा माणसांत होतात. कोण बोलतो यापेक्षा बोलताना कुणाकडे बघतो, ते टिपायला सांगावं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण कोणती वाडी कुणाची हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

गावकी देवळात बसते. मानकऱ्यांचा क्रम, गुरवाचं काम, शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी जाणार, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यावरून वाद झाले तर ते तहसीलदारापर्यंत जातात. मालवण तालुक्यात आचऱ्याला गावपळण असते: रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस-तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातो, गुराढोरांसकट. सरकारी आदेश काढून हे कुणाला जमेल का बघा. म्हणून कामाचा नारळ ग्रामदेवतेपुढे ठेवावा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. ते घालणारा जाणता माणूस शिबिराचं काम, कॉलेजचं नाव, पोरांची राखण, सगळं एका दमात सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तेवढी पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी घमेली-फावडी आपोआप येतात. देवराईतलं, म्हणजे देवाच्या राखीव रानातलं लाकूड मात्र चुलीसाठी तोडायचं नाही. पडलेली काटकीसुद्धा विचारून.

मुंबईकर मंडळाचं थोडक्यात सांगायचं तर सभागृह बहुतेक त्यांच्या वर्गणीतून बांधलेलं असतं आणि चावीचा निर्णयही तिकडूनच येतो. फोन करायचा तो शिबिराच्या महिनाभर आधी.

सर्व्हेचे फॉर्म शाळेजवळच्या वाडीतच भरून होतात, ही नेहमीची चूक. पहिल्या दिवशी सगळ्यात लांबच्या वाडीत जावं. वाडीचं नाव तिथल्या लोकांना विचारून लिहावं. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला, तरी बोलण्यात जुनी नावं राहतात. जमिनीचा विषय निघाला की म्हातारी माणसं खोतीवर, म्हणजे खोत कुळांकडून सारा वसूल करायचा त्या जुन्या पद्धतीवर येतात. तेव्हा पोरांना एवढं तरी ठाऊक हवं की अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप केला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

आता शिबिरातलं श्रमदानाचं काम, म्हणजे बंधारा. वनराई बंधाऱ्याचा, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांच्या तात्पुरत्या बंधाऱ्याचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारीत जायचं तर बारमाही पऱ्याच (ओढाच) निवडावा. ६ मीटर रुंद पऱ्यावर १ मीटर उंचीचा, तळाला दीड मीटर रुंद बंधारा घालायला सिमेंटची २०० ते २५० रिकामी पोती लागतात. पोतं पाऊणच भरायचं आणि तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. गच्च भरलेलं पोतं ढोलासारखं गोल होतं, दोन पोत्यांत फट राहते आणि तिथून पाणी जातं. नुसती वाळू गळते. लाल माती मिसळावी. तळातला पालापाचोळा आणि गोटे कडक जमीन लागेपर्यंत काढावेत. चिऱ्याच्या बांधकामासारखा सांधा मोडत थर लावावेत. बंधारा मधोमध क्वचितच फुटतो, तो फुटतो काठाला. म्हणून दोन्ही टोकं काठात हातभर खणून घुसवायची.

आणि राजकारण सुरू होतं ते इथेच. तो काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, सामाईक, पंधरा-वीस नावांचा, त्यातली निम्मी मुंबईला. भरायची माती कुणाच्या वाफ्यातली? वर पाणी साठलं की वरच्या वाडीच्या विहिरी सुधारतात आणि खालची वाडी विचारते, आमच्या गुरांनी काय प्यायचं? तेव्हा पाणी खाली जाईल एवढी वाट सांडव्याला ठेवून, ती खालच्या वाडीतल्या दोघांना उभं करून दाखवावी. हा अर्धा तास दुपारच्या बौद्धिकापेक्षा जास्त शिकवतो.

पोती जूनच्या आधी काढावी लागतात, नाहीतर पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या भाताच्या खाचरात जातात. मे महिन्यात तुमची पोरं गावात नसणार. म्हणून पोती कोणती वाडी काढणार, हे नारळ ठेवतानाच गाऱ्हाण्यात घालून घ्यावं. ग्रामसभेचा ठरावही करावा, पण नंतर.