निर्गुडीच्या पानांचा अर्क आणि सोळा मिलिमीटरचा झोन

आमच्या गावी ओढ्याच्या काठाने निर्गुडी दाट वाढते. आजीचे गुडघे धरले की तव्यावर गरम केलेल्या याच पाल्याचा शेक दिला जाई, आणि धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीतही तिची वाळलेली पाने टाकली जात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वनस्पती निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरे नाव सुचले नाही.

तीन किंवा पाच पर्णिका, पानाची पांढुरकी खालची बाजू आणि चुरगाळताच येणारा उग्र वास यांवरून निर्गुडी गावात कोणीही ओळखेल. पण तिच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या जाती तिच्यासारख्या दिसत असल्याने फुलांसह वाळवलेला नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात नेऊन मी ओळख पक्की करून घेतली. पाने सावलीत वाळवली, कारण उन्हात त्यांतले उडून जाणारे तेल कमी होते. भरड पुडीतून द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या सॉक्सलेट उपकरणाच्या साहाय्याने मेथॅनॉल या द्रावकात अर्क काढला.

अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का हे पाहायचे होते. जिवाणू वाढवण्याच्या म्यूलर-हिंटन ॲगार या घट्ट माध्यमाची 4 मिलिमीटर जाडीची प्लेट, तिच्यावर दर मिलिलिटरला साधारण 15 कोटी पेशी असलेले स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे निलंबन (पेशी तरंगत असलेला द्रव), 6 मिलिमीटर व्यासाचे खळगे आणि प्रत्येक खळग्यात 100 मायक्रोलिटर अर्क, अशी मांडणी होती. 37 अंशांवर रात्रभर ठेवल्यावर सकाळी अर्काभोवती 16 मिलिमीटर व्यासाचा स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, दिसला, तेव्हा आजीच्या शेकाला प्रयोगशाळेने दुजोरा दिला असेच मला वाटले. मॅडमनी प्लेट उजेडात धरून एकच प्रश्न विचारला, "नुसत्या मेथॅनॉलचा खळगा कुठे आहे?"

तो मी ठेवलाच नव्हता. पुन्हा प्लेट लावली, तेव्हा नुसत्या मेथॅनॉलभोवतीही 11 मिलिमीटरचा झोन आला. सोळातून अकरा वजा करून उरलेले श्रेय निर्गुडीला देता येत नाही, कारण द्रावक आणि अर्क यांचे परिणाम व्यासात सरळ बेरजेने मिळत नाहीत. म्हणून अर्कातला मेथॅनॉल पूर्ण उडवून उरलेला गर्द हिरवा चिकट लगदा डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकाच्या 10 टक्के द्रावणात विरघळवला आणि सगळे पहिल्यापासून केले. आता द्रावकाचा खळगा पूर्ण निष्क्रिय होता, अर्काचा झोन 12 मिलिमीटरचा होता, आणि ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर काहीच परिणाम नव्हता. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचे एक जादा पटल असते आणि वनस्पतीतले पुष्कळ रेणू तिथेच अडतात, त्यामुळे हा निकाल मला अनपेक्षित वाटला नाही.

प्रतिजैविकाशी केलेल्या तुलनेबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीत 10 मायक्रोग्रॅम औषध असते. माझ्या अर्काची तीव्रता मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे एका खळग्यात 10 मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने हजार पट. हे न सांगता दोन झोन शेजारी मांडून "प्रतिजैविकाइतकाच प्रभावी" असे लिहिणे ही वाचकाची दिशाभूल आहे, असे माझे ठाम मत आहे. उलट बाजूने निर्गुडीवरही अन्याय होऊ शकतो: तेलकट रेणू पाणीदार ॲगारमध्ये नीट पसरत नाहीत, म्हणून लहान झोन म्हणजे दुबळा अर्क असेही नव्हे.

मुक्त मूलकांना (अतिक्रियाशील रेणूंना) निष्क्रिय करण्याची अर्काची क्षमता मोजणाऱ्या अँटिऑक्सिडंट चाचणीत अडचण रंगाची होती. डीपीपीएचचे जांभळे द्रावण अर्कातल्या फिनॉलिक संयुगांमुळे पिवळे पडते आणि 517 नॅनोमीटरवरील शोषण घटते. परंतु पानांचा अर्क स्वतःच हिरवा असल्याने तोही प्रकाश शोषतो आणि क्षमता खोटी कमी दिसते. प्रत्येक तीव्रतेसाठी डीपीपीएच न घातलेली वेगळी नळी ठेवल्यावरच आकडे जुळू लागले. डीपीपीएच हा शरीरात न आढळणारा, कृत्रिम मुक्त मूलक आहे, त्यामुळे या आकड्यांवरून काढा पिण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आता किमान निरोधक तीव्रता, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी अर्काची सर्वांत कमी तीव्रता, काढायची आहे. हिरव्या अर्कात जिवाणू वाढल्याचा गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरणार आहे. जिवंत पेशी असतील तिथे त्याचा निळा रंग गुलाबी होतो. पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली पाने वेगवेगळी तपासायची आहेत. श्रावणात तोडलेला पाला माडीवर सावलीत पसरला आहे, आणि वहीत प्रत्येक तक्त्याचा पहिला रकाना द्रावकासाठी आखून ठेवला आहे.