ब्रेडबोर्डवरचा ६५०२ : नॉपपासून वॉझमॉनपर्यंत

आजची स्थिती: ब्रेडबोर्डवर जोडलेल्या छोट्या संगणकाचा ६५सी०२ प्रोसेसर (६५०२ ची नवी आवृत्ती) एक मेगाहर्ट्झवर चालू, ३२ केबी रॉम, १६ केबी रॅम, बाहेरची उपकरणं जोडायला ६५सी२२ आणि टर्मिनलशी सिरीयल (एकामागून एक बिट) बोलायला ६५सी५१. वॉझमॉन, म्हणजे मेमरी बघायचा आणि बदलायचा छोटा प्रोग्राम, टर्मिनलवर बोलतो. पेस्ट केलेला कोड मात्र अजून अर्धवट पोचतो.

पथ्य एकच पाळलं, एका वेळी एकच नवी चिप. प्रत्येक चिपच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही चिपला चिकटून.

नॉप

पहिली चाचणी रॉमशिवाय. डेटा बसच्या आठही पिनांना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावला: डी७, डी६, डी५, डी३, डी१ पाच व्होल्टला, उरलेल्या तीन ग्राउंडला. आता प्रोसेसर कुठूनही वाचो, त्याला हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ईए म्हणजे नॉप, ‘काही करू नको’ ही सूचनाच मिळणार. रीसेटनंतर कुठून सुरुवात करायची ते बघायला तो एफएफएफसी आणि एफएफएफडी हे पत्ते वाचतो, तिथेही ईएच. म्हणून ईएईए या पत्त्यावर जातो आणि पुढे दर दोन क्लॉकला एक घर सरकतो. ॲड्रेस लाइनींवर एलईडी लावले की हे डोळ्यांनी मोजता येतं.

१९७५ च्या मूळ ६५०२ ची आकृती समोर ठेवून डब्ल्यूडीसी कंपनीची नवी ६५सी०२ चिप जोडू नये. जुन्यात १ नंबरची पिन ग्राउंड आहे, नव्यात ती आउटपुट आहे. ग्राउंडला जोडली की शॉर्ट. जुन्यात ३६ नंबर रिकामी, नव्यात ती बीई (बस चालू ठेवणारी), तिला पाच व्होल्ट हवेच. आरडीवाय (‘तयार’ पिन) मात्र रेझिस्टरमधूनच वर ओढायची, कारण वेट सूचनेवर चिप स्वतः ती खाली खेचते. आयआरक्यू किंवा एनएमआय या इंटरप्टच्या पिना लोंबकळत राहिल्या तर बोर्डाजवळ हात नेला तरी वागणं बदलतं. बटण दाबून एकेक क्लॉक द्यायची सोयही नव्या चिपमध्येच. जुन्यात क्लॉक थांबला की रजिस्टरमधलं सगळं जातं.

रॅम

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. कुठल्या पत्त्याला कुठली चिप जागी व्हावी हे ठरवायला ७४एचसी०० या चार नँड गेटांच्या चिपची तीन गेट्स पुरतात: एक ए१५ (सगळ्यात वरची ॲड्रेस लाइन) उलटा करायला, दुसरं रॅमच्या सिलेक्टला (चिप जागी करणाऱ्या पिनला), तिसरं ६५सी२२ साठी. चौथ्याच्या इनपुट ग्राउंडला. रॅमची ओई (आउटपुट चालू करणारी पिन) थेट ए१४ ला. यात ३२ केबीची अर्धी रॅम वाया जाते, पण एक चिप वाचते.

रॅमचा सिलेक्ट नुसत्या उलट्या ए१५ वर चालवला तर वाचन ठीक होतं आणि लिहिताना भलताच बाइट बदलतो. फाय-२ (प्रोसेसरचा क्लॉक) खाली आल्यावर ॲड्रेसच्या सोळा लाइनी आणि आरडब्ल्यू (वाचायचं की लिहायचं ते सांगणारी लाइन) एकाच क्षणी बदलत नाहीत; त्या काही नॅनोसेकंदांत रॅमला चुकीच्या पत्त्यावर लिहायचा हुकूम मिळू शकतो. म्हणून सिलेक्टच्या नँडमध्ये फाय-२ घालायचाच. क्लॉक हळू करून हा दोष जात नाही, कारण ती गडबड क्लॉकच्या कडेवर होते, कड किती वेळाने येते याच्याशी तिला देणंघेणं नाही. हळू केल्यावर जो दोष जातो, त्यासाठी लांब वायरी आणि सैल पिना आधी बघाव्यात.

एलसीडी निमूट चालला. नुसते काळे चौकोन दिसले तर सुरुवातीच्या आज्ञा पोचलेल्या नाहीत. काहीच न दिसलं तर आधी काँट्रास्ट फिरवून बघा.

सिरीयल

६५सी५१ च्या दोन सिलेक्ट पिनांपैकी सीएस० वर ए१२ आणि सीएस१ वर ६५सी२२ चंच नँड, पत्ता हेक्स ५०००. ७००० ते ७एफएफएफमध्ये दोन्ही चिपा एकदम जाग्या होतात, तिथे वाचू नये. सीटीएस (‘पाठवायला मोकळीक’ सांगणारी पिन) ग्राउंडला, नाहीतर एक अक्षर बाहेर पडत नाही.

डब्ल्यूडीसीच्या ६५सी५१एन मध्ये ‘पाठवायची जागा रिकामी आहे’ सांगणारा स्टेटसचा बिट ४ कायम १ असतो. त्यावर विसंबलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. उपाय म्हणजे मोजून थांबणं. १९२०० बॉडला दहा बिटांना ५२१ मायक्रोसेकंद, म्हणजे एक मेगाहर्ट्झवर ५२१ क्लॉक. डीईएक्स (एक्स एकने कमी कर) आणि बीएनई (शून्य नसेल तर परत जा) या सूचना मिळून एका फेरीला पाच. १०५ फेऱ्या जेमतेम पुरतात, ११० ठेवल्या.

वॉझमॉन

ॲपल-१ चा हा मॉनिटर २५६ बाइटांत बसतो, आणि कंजूषपणा कसा करावा हे त्यात ओळीओळीला दिसतं. सुरुवातीला प्रोसेसरच्या वाय रजिस्टरमध्ये हेक्स ७एफ भरलं जातं. तेच डिस्प्ले पोर्टची दिशा ठरवायला वापरलंय, आणि पुढे वाय एकने वाढून ८० होतो. ‘ओळ फार लांब झाली’ असं समजून कोड आपोआप बॅकस्लॅश छापणाऱ्या भागात उतरतो. आपल्या बोर्डासाठी बदलताना जुनी सुरुवात काढून वाय शून्य ठेवला तर मॉनिटर चालतो, पण बॅकस्लॅश येत नाही आणि बोर्ड मेला असं वाटतं. ७एफ किंवा त्याहून मोठा, पण एफएफ सोडून, आकडा ठेवा.

आलेल्या अक्षराला वरचा बिट लावायचा, छापताना काढायचा, आणि परतताना ए रजिस्टर जसाच्या तसा द्यायचा, कारण एकोनंतर (अक्षर परत छापल्यावर) लगेच त्याची ८डी शी तुलना होते. थांबण्याची फेरी वाय वर नको, तो ओळीतली जागा मोजतोय. एक्स वर उतरती ठेवली तर शेवटी एक्स शून्य होतो, आणि मॉनिटरला तिथे शून्यच हवा असतो. कॅप्स लॉक चालू ठेवा. लहान लिपीतले हेक्स अंक त्याला कळत नाहीत. तो फक्त कॅरेज रिटर्न पाठवतो, लाइन फीड टर्मिनलने जोडायचं.

पेस्टचं दुखणं याच थांबण्यातून येतं: एक अक्षर परत छापेपर्यंत पुढचं येऊन बसलेलं असतं. तात्पुरतं टर्मिनलमध्ये अक्षरामागे २ मिलिसेकंद आणि ओळीमागे १०० ठेवलेत. पुढच्या टप्प्यात ६५सी५१ ची आयआरक्यू जोडून २५६ बाइटांचा फिरता बफर, पत्ता हेक्स ०३०० पासून, कारण ०२०० ला वॉझमॉनची ओळ राहते.