प्रयोगशाळेतील चार कपाटे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा मला आठवली ती प्रयोगशाळेतील चार सागवानी कपाटे. त्यांच्या दारांवर सरांनी पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘गतिशास्त्र’, ‘उष्णता’, ‘ध्वनी व प्रकाश’ आणि ‘विद्युत व चुंबकत्व’. एका तासाला एकच कपाट उघडायचे, असा शिरस्ता असल्यामुळे लंबक, कॅलरीमापी, नादकाटा आणि लोहकीस यांचे परस्परांशी काही नाते असेल, ही शंकाही आम्हांला कधी आली नाही.

गेली बावीस वर्षे मी एका रुग्णालयात एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहे. त्या एका खोलीत चारही कपाटे एकदम उघडी असतात. यंत्रातील चुंबक दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ आहे. तो नायोबियम-टायटॅनियमच्या तारेच्या वेटोळ्यांतून वाहणाऱ्या विद्युतधारेने निर्माण होतो. ती तार उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असल्यामुळे तिचा विद्युतरोध नाहीसा होतो. म्हणूनच उष्णतेचे कपाट बंद पडले, तर चुंबकत्वाचेही बंद पडते. यंत्राचा जो खडखडाट ऐकून रुग्ण दचकतात, तो आतल्या दुसऱ्या वेटोळ्यांतील धारा झपाट्याने बदलताना त्यांना बसणाऱ्या हादऱ्यांचा असतो, म्हणजे तिथे ध्वनिशास्त्रही आलेच.

पाचवे कपाट मात्र शाळेत नव्हते. अणूचा एक पिवळा पडलेला तक्ता तेवढा भिंतीवर होता. पुंजभौतिकी आणि अणुकेंद्रीय भौतिकी हे विषय मला या खोलीतच खऱ्या अर्थाने भेटले. शरीरातील पाण्यात व चरबीत असणारी हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात, तिरका झालेला भोवरा जसा डोलतो तशी, सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख वेळा डोलतात. नेमक्या त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या की ती प्रतिसाद देतात. नादकाट्याला त्याच्याच वारंवारतेचा दुसरा नादकाटा साथ देतो, ते सरांनी दाखवलेले अनुनादाचे तत्त्व इथेही लागू पडते. विशेष म्हणजे क्षेत्राच्या दिशेने वळलेली केंद्रे विरुद्ध दिशेच्या केंद्रांपेक्षा दर दहा लाखांमागे जेमतेम पाच अधिक असतात आणि सगळे चित्र त्या पाचांच्या जोरावर उमटते. असंख्य कणांचा असा हिशेब मांडणारी सांख्यिकी भौतिकी ही स्वतंत्र शाखाच आहे. आम्हांला तिचे नावही ठाऊक नव्हते.

सरांच्या मांडणीत एक चूक मला आता दिसते. प्रकाश हीदेखील विद्युतचुंबकीय लहर आहे, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये मांडले होते. तेव्हा प्रकाशाची भिंगे व आरसे चौथ्या कपाटात ठेवायला हवे होते. अर्थात तिथे जागा नव्हती, हेही खरे.

माझ्या कामात प्रकाशशास्त्राचा वाटा लहान आहे. मेंदूच्या तपासणीत नळीत उताणे झोपलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर आम्ही एक तिरपा आरसा बसवतो. मग डोके न हलवता त्याला आपल्या पायांच्या पलीकडचे दिसते आणि बहुधा तिथे स्टुलावर आई बसलेली असते.