चौतीस प्लगइन आणि अपुरी पडणारी मेमरी : माझा अनुभव

लेख पूर्ण झाला होता, छायाचित्रे जागेवर बसली होती आणि मी ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबले. उत्तर वैध जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीची एक मजकुरी मांडणी) स्वरूपात नसल्याने प्रकाशित करणे अयशस्वी झाले, असा संदेश आला. पुन्हा दाबले तरी तेच. विशेष म्हणजे डॅशबोर्ड, म्हणजे संकेतस्थळाचा कारभार पाहण्याची पाने, व्यवस्थित उघडत होता, वाचकांना जुने लेख दिसत होते, फक्त नवे काही जतन होत नव्हते. माझे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर चालते, आणि त्या दिवशी त्यावर चौतीस प्लगइन, म्हणजे जादा सोयी पुरवणारे जोड-प्रोग्रॅम, सक्रिय होते.

त्या संदेशावरून काहीच कळण्यासारखे नव्हते, म्हणून मी वर्डप्रेसच्या मूळ सेटिंग्ज असलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये डिबग लॉग (त्रुटींची नोंदवही) सुरू केला आणि त्रुटी वाचकांच्या पडद्यावर उमटणार नाहीत अशी सोय केली. पुढच्याच प्रयत्नाला लॉगमध्ये ओळ उमटली : १३४२१७७२८ बाइटांची परवानगी असलेली मेमरी संपली. या संख्येला १०४८५७६ ने भागले की बरोबर १२८ येतात, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या एका विनंतीला (पान उघडणे, लेख जतन करणे अशा प्रत्येक कामाला) मिळणारी १२८ एमबीची मर्यादा ओलांडली गेली होती. त्याच ओळीच्या शेवटी एका फाइलचे नाव होते. ती फाइल संपर्क-अर्जाच्या प्लगइनची असल्याने मी ते लगेच बंद केले. त्रुटी गेली नाही. आता नाव दुसऱ्याच प्लगइनचे आले. त्या ओळीत जिचे नाव येते ती फाइल दोषी असेलच असे नाही, हे मला तिथे पहिल्यांदा उमगले. भरलेल्या हंड्यात शेवटचा थेंब कोणी टाकला एवढेच ती सांगते. हंडा कोणी भरला हे सांगत नाही.

मग बहुतेक जण करतात तेच मी केले : कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची मर्यादा २५६ एमबी केली. काहीही फरक पडला नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आले की मी ती ओळ फाइलच्या अगदी तळाशी लिहिली होती, आणि तोवर वर्डप्रेसने स्वतःची मांडणी करून मर्यादा ठरवलेली असते. ‘यापुढे संपादन करू नका’ अशी सूचना देणाऱ्या ओळीच्या वर ती हलवली, ‘साइट आरोग्य’ पानावर सर्व्हरच्या माहितीत २५६ दिसल्याची खात्री केली आणि लेख जतन झाला. इथे एक गोष्ट सांगायला हवी : होस्टिंग कंपनीने ही मर्यादा सर्व्हरच्या पातळीवरच कुलूपबंद केली असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये काहीही लिहिले तरी आकडा बदलत नाही. म्हणून लिहिलेल्या ओळीवर विसंबू नये, आकडा प्रत्यक्ष पाहावा.

तीन आठवडे सारे सुरळीत चालले. त्यानंतर काही प्लगइन आपोआप अद्ययावत झाले आणि लॉगमध्ये पुन्हा तीच ओळ आली, फक्त संख्या आता २६८४३५४५६ होती. ५१२ करण्याचा मोह झाला, पण मी तो आवरला. ही मर्यादा प्रत्येक विनंतीसाठी वेगळी असते. माझ्या सर्व्हरवर एकूण २ जीबी मेमरी आहे आणि पीएचपीच्या आठ प्रक्रिया एकाच वेळी चालू शकतात. प्रत्येकीने ५१२ एमबी घेतली तर ४ जीबी लागेल. मग एक लेख जतन न होण्याऐवजी सगळे संकेतस्थळच बंद पडले असते.

डॅशबोर्ड चालतो आणि जतन करणे तेवढे अडते, याचे कारणही मी शोधले. प्रशासक डॅशबोर्डच्या पानांवर असताना वर्डप्रेस स्वतःहून मर्यादा २५६ एमबीपर्यंत वाढवते. लेख लिहिण्याचा ब्लॉक एडिटर मात्र लेख जतन करताना रेस्ट एपीआय या सर्व्हरशी बोलण्याच्या वेगळ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर ही वाढ मिळत नाही. म्हणूनच पहिल्या वेळी एकाच संकेतस्थळावर एक दार उघडे आणि दुसरे बंद अशी स्थिती होती.

आता मोजायचे ठरवले. मूळ संकेतस्थळाला हात न लावता त्याची चाचणी-प्रत तयार केली, आणि एका छोट्या अनिवार्य प्लगइनमध्ये (असे प्लगइन वर्डप्रेस नेहमीच चालवते) चार ओळी लिहून प्रत्येक विनंतीच्या शेवटी तिचा पत्ता आणि तिने गाठलेली मेमरीची कमाल पातळी लॉगमध्ये नोंदवली जाईल असे केले. चाचणी-प्रतीवर मर्यादा मुद्दाम ५१२ ठेवली, कारण विनंती मध्येच मोडली तर तिची खरी भूक कळत नाही. मुखपृष्ठाला ७१ एमबी लागत होती, सगळे प्लगइन बंद केले की १४. लेख जतन करताना मात्र आकडा २९३ वर गेला. म्हणजे प्लगइनची संख्या ही माझी मुख्य अडचण नव्हतीच; चौतीस प्लगइन मिळून साध्या पानावर ५७ एमबीच घेत होते. जतन करण्याच्या क्षणी कोणीतरी एकच प्लगइन काहीतरी अवाढव्य काम करत होते.

निम्मे प्लगइन बंद करून पाहायचे, मग उरलेल्यांतले निम्मे, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे; पण मेमरीच्या बाबतीत तिच्यात एक खोच आहे. कोणतेही सतरा प्लगइन बंद केले की मेमरी थोडी मोकळी होतेच, त्यामुळे निर्दोष अर्धा भाग बंद केला तरी कधी कधी त्रुटी नाहीशी होते. त्रुटी आली की गेली एवढ्यावर न थांबता मी प्रत्येक फेरीचा आकडा वहीत लिहीत गेले. सहाव्या फेरीत लेखाखाली संबंधित लेख सुचवणारे प्लगइन एकटे बंद केले आणि २९३ चा आकडा ७६ वर आला.

त्याचा कोड उघडून पाहिला. कोणताही लेख जतन होताच ते सर्व लेख संपूर्ण मजकुरासह एकदम मेमरीत आणत होते आणि त्यांचे शब्द वेगळे करून तुलना करत होते. माझ्याकडे एकोणीसशे लेख आहेत. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्राही वेगळे मोजले जातात, त्यामुळे सात हजार चिन्हांचा एक लेख साधारण २० केबीचा होतो आणि नुसता मजकूरच ३८ एमबी भरतो. शब्दांचे तुकडे पाडल्यावर ते ओझे आणखी वाढते. त्या प्लगइनच्या ताज्या आवृत्तीत लेखासोबत त्याचा सगळा मेटाही (लेखाला जोडून साठवलेली जादा माहिती) वाचला जाऊ लागला होता. माझे बहुतेक जुने लेख एका पेज बिल्डरमध्ये, म्हणजे पानाची मांडणी करून देणाऱ्या प्लगइनमध्ये, केलेले आहेत; त्याने प्रत्येक लेखाची दुसरी प्रत मेटामध्ये जेसन स्वरूपात ठेवली होती, आणि तीत देवनागरीचे एकेक चिन्ह युनिकोड क्रमांकाच्या रूपात सहा बाइटांत लिहिलेले होते. मराठी मजकुराच्या संकेतस्थळांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते, कारण इंग्रजी मजकुरावर तपासलेले प्लगइन आपल्याकडे त्याच लेखसंख्येला कितीतरी जास्त मेमरी मागू शकते.

मोजताना आणखी एक गोष्ट सापडली. वर्डप्रेस प्रत्येक विनंतीत आपोआप लोड होणाऱ्या नोंदी डेटाबेसमधील ऑप्शन्सच्या (सेटिंग्जच्या) तक्त्यातून उचलते. त्यांची बेरीज माझ्याकडे ६ एमबी भरली, आणि त्यांतली ४ एमबीची एकच नोंद मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या आकडेवारीच्या प्लगइनची होती. प्लगइन गेले तरी त्याची नोंद राहिली होती. आवृत्ती ६.६ पासून ‘साइट आरोग्य’ हे ओझे ८ लाख बाइटांवर गेले की इशारा देते. माझी आवृत्ती जुनी असल्याने तो मला कधी दिसलाच नव्हता. डेटाबेसचा बॅकअप घेऊन ती नोंद काढली.

मर्यादा वाढवणे नेहमीच चूक असते असे मी म्हणणार नाही. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे छायाचित्र पीएचपीच्या जीडी या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने उघडताना प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने सुमारे ९२ एमबी लागते. ती गरज खरी आहे.

संबंधित लेखांसाठी आता मी वर्ग आणि टॅग पाहून थेट डेटाबेसमधून पाचच लेख मागवणारे प्लगइन वापरते. जुन्या प्लगइनच्या कर्त्याला माझ्या मोजमापांची नोंद पाठवली आहे. मूळ संकेतस्थळावर मर्यादा पुन्हा १२८ वर आणली असून लेख जतन करायला ७० एमबी लागते. त्या चार ओळींचे अनिवार्य प्लगइन मात्र मी तिथेही ठेवले आहे, आणि कोणतेही प्लगइन अद्ययावत झाले की त्या दिवशी एक मसुदा जतन करून लॉगमधला आकडा पाहते.