ट्राम क्रमांक चार

काल पॅरिसच्या बोंदी उपनगरातून टी-४ ट्राम पकडून क्लिशी-सू-ब्वाला गेले, स्थलांतरित कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या गावाला. पॅरिसपासून जेमतेम १५ किलोमीटर, पण ही ट्राम तिथे पोचली २०१९ च्या डिसेंबरात. शेजारच्या सीटवरचा मुलगा विशीतला, जन्म इथलाच. "तुला पोलीस कधी ओळखपत्र मागतात?" त्याने मला विचारलं. चार वर्षांत एकदाही नाही, म्हटलं. तो नुसता हसला. त्याला मागच्या महिन्यात तीनदा थांबवलं होतं.

२७ ऑक्टोबर २००५ ला याच गावात तीन मुलं अशाच तपासणीच्या भीतीने पळाली आणि विजेच्या उपकेंद्रात लपली. गुन्हा काहीच नव्हता. दोघं विजेच्या धक्क्याने मेली, वय १५ आणि १७. मग तीन आठवडे गाड्या पेटत राहिल्या. सरकारने आणीबाणीसाठी कायदा काढला तो १९५५ चा, अल्जीरिया फ्रान्सपासून स्वातंत्र्यासाठी लढत होता, त्या युद्धातला! नेमका तोच; आजोबांवर लावलेला नातवांवर.

जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. २०२३ मध्ये पॅरिसजवळच्या नाँतेरला १७ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला, तेव्हाही लोकांनी आपल्याच वस्तीतली वाचनालयं जाळली. हे बोलले, त्यावर शेजारच्या सीटवरचा मुलगा म्हणाला, "आपली? आम्हाला कुणी विचारून बांधली होती?"

तेवढ्यात त्याचा स्टॉप आला.