कोहेई उचिमुरा आणि माझे मंगळागौरीचे ब्लाऊज

ऑगस्ट २०१६. नागपंचमी होऊन तीन दिवस झाले होते आणि मंगळागौरीचे अकरा ब्लाऊज टेबलावर पडून होते. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात रात्री बारानंतर मी टीव्हीचा आवाज बंद करून हुक लावत बसले होते. टीव्हीवर रिओतली पुरुषांची जिम्नॅस्टिक्स फायनल. त्या आठवड्यात गल्लीत दीपा कर्माकरचंच नाव होतं, तेव्हा जपानच्या उचिमुराला बघायला मी एकटीच जागी.

सहा साधनं असतात. पाच झाली तेव्हा युक्रेनचा ओलेग व्हेर्नियायेव ०.९०१ गुणांनी पुढे होता. या खेळात ही म्हणजे डोंगराएवढी आघाडी. उरला फक्त हॉरिझॉन्टल बार, म्हणजे उंचावरचा आडवा दांडा. उचिमुराने बार सोडून उड्या घेतल्या, दर वेळी बार पुन्हा अलगद हातात घेतला, शेवटी हवेत गिरक्या घेत खाली आला आणि जमिनीला चिकटला. पाऊल हललं नाही. व्हेर्नियायेवचं उतरणं डळमळलं. उचिमुरा जिंकला, फरक ०.०९९. माझ्या हातातली सुई बोटात गेली तीही तेव्हाच.

२००९ ते २०१५ या काळात हा माणूस सलग सहा वेळा ऑलराउंड, म्हणजे सहाही साधनं मिळून, विश्वविजेता होता आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्णही त्याचंच. पण मला त्याचं उतरणं आवडायचं. लहानपणी मी दोरीचा मल्लखांब करायचे. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात दोरी धरायची, तिथे कातडी सोलून निघायची. तो डाग अजून आहे. वर सगळी आसनं नीट जमायची, पण उतरताना माझं एक पाऊल मागे जायचंच. सर म्हणायचे, "वर काय केलंस ते लोक विसरतात, खाली कशी आलीस ते बघतात." तेव्हा राग यायचा. बोलायला काय जातं!

भाच्याला मात्र उचिमुरा वेगळ्याच कारणाने माहीत. रिओच्या वेळी ब्राझीलमध्ये मोबाइलवर पोकेमॉन गो खेळत बसला आणि मोबाइलचं बिल आलं सुमारे पाच लाख येन. कंपनीने नंतर ते कमी केलं म्हणे. भाज्या न खाणारा, चॉकलेटवर जगणारा चॅम्पियन! पोरांना असला देव लगेच पटतो. बहिणीने मात्र मलाच फैलावर घेतलं, "कशाला सांगितलंस त्याला?"

जुलै २०२१ मध्ये टोकियोत तो फक्त बारवर उतरला. आम्ही तेव्हा विश्रामबागला चुलत दिरांकडे. आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५० फुटांच्या वर, मशीन मात्र वेळेत माळ्यावर चढवलेलं. फोनवर बघितलं: पात्रता फेरीतच बार हातातून निसटला आणि तो खाली आदळला. खोलीत दहाजण, सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या पातळीकडे. मी कुणाला सांगणार की जपानमध्ये एकजण पडला?

मग ऑक्टोबरमध्ये जागतिक स्पर्धा, तीही किताक्युशूला, त्याच्या जन्मगावी. पदक नाही, सहावा आला. पण शेवटचं उतरणं असं की जणू एसटीतून उतरून सावलीत उभा राहिला. पुढच्या जानेवारीत तो निवृत्त झाला.

त्या उतरण्याची क्लिप बघून झाल्यावर घरात कुणी बघत नाहीसं पाहून मी स्टुलावर चढले, हात वर केले, पाय जुळवून उडी मारली. पाऊल मागे गेलंच. शिवाय टेबलाचा कोपरा कंबरेला.

आतून सासूबाई, "काय पडलं गं?"

"काही नाही आई, कात्री."